मामाजींची नाव

आमचे घरमालक फार चांगले गृहस्थ होते, असं त्या गावात अजूनही सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्यांच्या घरात बरीच वर्षं भाड्यानं राहिले आहे, आणि भाडेकरूला मालकाची जी बाजू दिसते ती गावाला दिसत नसते. तसे चांगले होतेच ते. खोटं बोलत नसत, कुणाचं धान मापात मारत नसत, भाड्यासाठी माझ्या दारात कधी उभे राहिले नाहीत. पण चांगल्या माणसानं केलेला छळ फार वाईट, कारण त्याची कुणाकडे तक्रारसुद्धा करता येत नाही.

मी नर्स होते. आणीबाणी उठली त्या साली माझी बदली वर्ध्याकडून भंडारा जिल्ह्यात झाली. गाव एका मोठ्या तलावाच्या काठी होतं. बाजार करायचा तर सानगडीला जावं लागे. तलाव एवढा, की पलीकडच्या काठावरचा माणूस ओळखू येत नसे, नुसती कौलं आणि झाडं दिसत. दोन्ही काठांवरची गावं माझ्याकडे होती. उन्हाळ्यात पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, पायवाटेनं पलीकडे जाता येई. पावसाळ्यात मधला नाला भरला की ती वाट बंद, आणि मग ढीवरांच्या, म्हणजे कोळ्यांच्या, डोंग्यातून जायचं. डोंगा म्हणजे एका बुंध्यात कोरलेली अरुंद होडी. पहिल्यांदा बसले तेव्हा जीव मुठीत धरला होता; पुढे पुढे त्यात बसून मी भाजीसुद्धा निवडत असे.

खोली पाहायला गेले त्या दिवशी मालक गिरणीच्या दारात उभे होते. धान भरडायची त्यांची गिरणी घराला लागूनच होती, त्यामुळे माणूस डोक्यापासून पायापर्यंत कोंड्यानं पिवळा. गाव त्यांना मामाजी म्हणे, मीही तेच म्हणायला लागले. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमचं वजन किती भरते, बाई?"

मी तेव्हा पंचविशीची, अविवाहित, आणि जिभेनं तिखट. पिशवी उचलून निघालेच होते. तेवढ्यात आतून त्यांची बायको धावत आली. "रागावू नोका वो बाई, ते सगळ्यायलेच इचारते. मास्तरले इचारलं, पोस्टमनले इचारलं. नावेसाठी इचारते."

"माणूस नावेत समोर बसवाचा का मांगं, ते वजनावरून ठरते," मामाजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती आणि आगाऊपणाही नव्हता. मी वजन सांगितलं. "बेस हाये," ते म्हणाले, आणि मला खोली मिळाली.

नाव अशी होती. साहेबाच्या अमदानीत तलावाच्या बंगल्यावर बदकं मारायला येणाऱ्या कुणा गोऱ्या इंजिनियरनं शिडाची एक नाव आणून ठेवली होती. साहेब गेला, नाव राहिली. पुढे सरकारी लोकांनी डोलकाठी काढून तिची वल्ह्याची होडी केली, मग तीही बंगल्याच्या पडवीत कोंबड्या ठेवायला कामी आली, आणि शेवटी भंगारात लिलावाला निघाली. मामाजींनी ती घेतली. एवढ्या लाकडात जळण बरं निघेल, असं लोकांना वाटलं. मामाजींना मात्र ती पहिल्यासारखी, किंबहुना साहेबाच्या वेळेपेक्षा चांगली, शिडावर चालवायची होती.

त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. गिरणीचं इंजिन उघडून लावता यायचं, पट्ट्याचा ताण हातानं कळायचा, आणि त्याच हातानं वारा कळेल असा त्यांचा हिशोब. अंगणात कपडे वाळत घालायच्या तारेला त्यांनी सेमलच्या, म्हणजे सावरीच्या, कापसाचे पुंजके बांधले होते. वारा कुठून कुठे वळतो ते त्यावरून दिसे. आम्ही बायकांनी तिथे लुगडं टाकलं की ते येऊन मुकाट्यानं काढत आणि दुसरीकडे टाकत. गिरणी ऐन भरात चालू असली आणि पुंजके हलले की इंजिनाचा पट्टा उतरवून ते तलावाकडे चालू लागत. धानाची पोती घेऊन आलेल्या बाया मग पोत्यांवरच बसून राहत. "मामाजी कुठं गेले?" "हवा आली." एवढंच उत्तर. दुसऱ्या कुणाची गिरणी असती तर लोकांनी तोंडसुख घेतलं असतं, पण मामाजींचं माप भरलेलं असायचं, म्हणून सगळं खपून जाई.

माझा बाळं तोलायचा काटा ते दर आठवड्याला मागून नेत. डोलकाठीची कप्पी, लोखंडी कडी, दोरीचं भेंडोळं असं सगळं त्यात तोलून होई. शेरभर कमी झालं तर त्यांचा दिवस चांगला जाई. नावेतली बसायची फळी काढून त्यांनी सुंभाची जाळी विणली, कारण ती हलकी. तळाला वर्षानुवर्षांचा डांबराचा थर होता, तो काचेच्या तुकड्यांनी खरवडून, मग वाळूनं घासून असा गुळगुळीत केला की हात फिरवला तर घसरावा. मलाही त्यांनी एकदा हात फिरवायला लावला. "पानी चिपकलं नाई पायजे, बाई. पानी लई चिकट राह्यते." घराच्या मागच्या भिंतीला मात्र ओल येऊन पोपडे पडले होते, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. नाकापेक्षा मोती जड, हे मी पहिल्या पावसाळ्यातच ओळखलं.

एका उन्हाळ्यात त्यांनी नाव गिरणीच्या पडवीत आणून रंगवली. आमच्याकडचं ऊन काय सांगावं! मृगात पाण्यात सोडली तेव्हा सगळ्या सांधी उकललेल्या. मामाजी काठापासून हाकेच्या अंतरावर गेले आणि बसल्या जागी, सुकाणू न सोडता, गळ्यापर्यंत पाण्यात उतरले. काठावरचे हसत होते. त्यानंतर दर उन्हाळ्यात ते ढीवरांच्या रीतीप्रमाणे वागू लागले. ढीवर आपले डोंगे उन्हाळ्यात दगड भरून पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे लाकूड तडकत नाही. मामाजींची नावही मग डोंग्यांच्या शेजारी तळाशी निजू लागली. चूक झाली की मोकळेपणानं मान्य करायची आणि दुसऱ्या दिवसापासून बदलायचं, हा त्यांचा खराखुरा गुण होता. फक्त तो गुण नावेपुरता होता.

"नाव झाली का, मामाजी?" असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "नाव झाली असं म्हनाचं नाई. नाव होत राह्यते." लोकांना हे फार थोर वाटे. मलाही आधी वाटलं होतं. पण हे वाक्य मामींच्या कानांनी ऐकायला लागले आणि माझं मत पालटलं.

मामी म्हणजे त्यांची बायको. त्यांचं माहेर पलीकडच्या काठावर. घाटावर धुणं धुताना वर पाहिलं की समोर, पाण्यापलीकडे, बापाच्या घराची कौलं दिसत. आई तिथे होती, भाऊ होता. आणि मामी माहेरी जात नव्हत्या. मूलबाळ नव्हतं, सासू-सासरे गेलेले, तब्येत ठणठणीत. मी पहिल्याच महिन्यात विचारलं, "मामी, एवढं जवळ माहेर, मग जात का नाही?"

त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता त्यांनी सांगितलं.

दिवाळीनंतर आमच्या त्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दंडारीचे नाच होतात, नाटकं होतात, माहेरवाशिणी येतात, जावई येतात. नाव घेतली त्या वर्षी मामाजी मामींना नावेत बसवून मंडईला सासुरवाडीला निघाले. हिवाळ्यात वारा आमच्या काठाकडून तिकडे वाहतो. शीड फुगलं आणि नाव सरळ जाऊन लागली. अख्खं गाव पाहायला धावलं. "मी लगनातबी एवढी मिरवली नोती, बाई," मामी म्हणाल्या. पण परत यायचं तर वारा समोरून. मामाजींनी शीड इकडे लावलं, तिकडे लावलं. नाव आपली आडवी वाहत पुन्हा त्याच काठाला. दुपार गेली. शेवटी मेहुण्यानं बैलजोडी आणली, नावेला दोर बांधला आणि काठाकाठानं चिखलातून ओढत आणून सोडली. वर भर मंडईत, शेकडो लोकांसमोर, बोलला, "जवाईबापूची नाव लई भारी! जाते हवेनं अन् येते बैलानं!"

गाव हसलं. मामाजी हसले नाहीत. ते म्हणाले, "आता येईन त हवेनं अन् जाईन त हवेनं. एक वल्हं मारनार नाई. तोवर तुमच्या दारात मी पाय ठेवनार नाई, अन् हेबी ठेवनार नाई." हे म्हणजे मामी. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"अन् तुम्ही ऐकलं?" मी म्हणाले.

"मले वाटलं, महिन्या-दोन महिन्याची गोष्ट हाये," त्या म्हणाल्या.

मी गावात गेले तेव्हा या गोष्टीला किती मंडया होऊन गेल्या होत्या ते मामींना पक्कं ठाऊक असणार, पण त्या कधी मोजून दाखवत नसत. शीड मात्र त्यांनीच शिवलेलं. आधी ताडपत्रीचं होतं, ते जड पडलं. मग मांजरपाटाचं, पट्ट्या पट्ट्या जोडून, दुहेरी शिलाईनं. शिडाला पोट कुठे हवं, किती हवं, यावर मामाजींचं मत दर हंगामात बदले, आणि मामी सगळं उसवून पुन्हा शिवत. बायका घाटावर म्हणत की नाव ही मामींची सवत आहे. असेल, पण कोणत्या सवतीचे कपडे बाईला असे रात्रंदिवस शिवावे लागतात?

माझी पलीकडच्या गावी खेप असली की मामींची आई मला हटकून बोलावून घेई. म्हातारीच्या डोळ्यांत फूल पडलं होतं. हातानं चाचपून ती मला पाटावर बसवी, आणि लेकीसाठी शिंगाडे, लाखोळीची डाळ, वाळवलेल्या भाज्या असं काहीबाही बांधून देई. तिचा प्रश्न एकच असे. "झाली का वो नाव?" आपली लेक कशी आहे हे ती विचारत नसे. नाव झाली की लेक येणार होती, म्हणून एकाच प्रश्नात सगळं आलं.

"होत आली, आजी," मी म्हणे. दुसरं काय म्हणणार?

मी मामींना पुष्कळदा म्हटलं, "माझ्यासोबत डोंग्यात चला. ते गिरणीत असतील तेव्हा निघू, संध्याकाळच्या आत परत येऊ." त्या नाही म्हणत. "डोंग्यानं गेली त गावात हसू होईन त्यायचं. लोक म्हनतीन, नावेवाल्याची बायको डोंग्यात गेली. अन् तिकडं भाऊ म्हनन, हारले जवाई." नवऱ्याचं हसू होऊ नये म्हणून बाई आईला न भेटता राहिली, आणि त्या नवऱ्याला हे कळतसुद्धा नव्हतं. तो कप्प्या तोलत होता. मी एकदा तोंडावर बोलले, "मामाजी, तुमची पैज तुमच्यापाशी ठेवा. मामींना जाऊ द्या." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तिच्याचसाठी त करून राह्यलो, बाई," ते म्हणाले. "तिले मानानं नेतो." माणूस खोटं बोलत असता तर भांडता आलं असतं.

एका हिवाळ्यात मात्र जमलंच होतं. नावेच्या दोन्ही अंगांना त्यांनी सागाच्या दोन फळ्या बिजागरीनं लावल्या होत्या. त्या पाण्यात सोडल्या की नाव आडवी वाहायची थांबे आणि वाऱ्याला तिरकी धरून, नागमोडी का होईना, पुढे सरके. मंडईच्या आदल्या दिवशी मामाजी एकटे निघाले. त्यांचं ठरलं होतं की आज जाऊन, तिकडच्या काठाला नाव टेकवून, न उतरता परत यायचं. जमलं तर उद्या मामींना घेऊन मंडईला. मामींनी गाठोडं बांधून ठेवलं. त्यात आईसाठी नवं लुगडं होतं.

आम्ही सगळे पाळीवर उभे होतो. शीड पलीकडे गेलं, बारीक झालं, आणि मग वळलं. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, पण दर वळणाला थोडं मोठं. मामींनी माझा हात धरला होता. नाव तलावाच्या निम्म्यावर आली, निम्म्याच्या पुढे आली, घाटावरच्या बायांना मामाजींचं मुंडासं ओळखू यायला लागलं. आणि वारा पडला. शीड चिंधीसारखं लोंबलं.

मामाजी तिथे बसून राहिले. सूर्य कलला. ढीवरांनी ओरडून विचारलं, दोर टाकू का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. शेवटी त्यांनी वाकून वल्हं काढलं, आणि पाच-पन्नास हात मारून काठाला लागले.

लोकांनी एकच गिल्ला केला. "आले! मामाजी आले! जमलं!" खरंच सगळ्यांना तसंच वाटत होतं. एवढा तलाव वाऱ्याविरुद्ध कापून आलेला माणूस, शेवटच्या पाच-पन्नास हातांना कोण विचारतो? तिकडच्या काठावरच्या कुणाला तर तेवढं दिसलंही नसेल. मामाजींनी नाव बांधली, वर आले आणि म्हणाले, "वल्हं मारलं मी."

"कोन पाह्यलं?" कुणीतरी म्हणालं.

"मी पाह्यलं ना," मामाजी म्हणाले. मग मामींकडे वळून, "पुढच्या वर्षी नक्की."

गाव या गोष्टीचं आजही कौतुक करतं. असा सच्चा माणूस होणे नाही म्हणतं. मी मामींबरोबर घरी गेले. त्यांनी गाठोडं सोडलं, लुगडं घडी घालून पेटीत ठेवलं, आणि चूल पेटवली. त्या दिवशी त्या माणसाच्या खरेपणाची मला शिसारी आली, ती अजून गेलेली नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडी त्यांना एक शोध लागला. नावेच्या तळाशी मधोमध एक लांबट फट होती. सरकारी लोकांनी होडी गळते म्हणून ती कधीतरी सिमेंटनं लिंपली होती, आणि मामाजींनी नाव घेतल्यावर पहिलं काम केलं ते हे, की ते सिमेंट काढून तिथे राळ, डांबर आणि सुताची वळी ठोकून ती कायमची, पक्की बुजवली. त्या कामाचा त्यांना अभिमान होता. थेंब येत नाही, असं ते सांगत. त्या वर्षी तळ घासताना फटीच्या तोंडाशी त्यांना गंजलेली खीळ सापडली. दोन दिवस ते खिळीकडे पाहत बसले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या खिळीला अडकवून फटीतून खाली लोखंडी पातं सोडायचं असतं. नांगराचा फाळ जसा जमीन धरतो तसं ते पातं पाणी धरतं, आणि मग नाव वाऱ्यावर चढते. साहेबाची नाव पहिल्यापासून तशीच होती. यांनीच पहिल्या दिवशी तिचा पाय कापून टाकला होता, आणि मग इतकी वर्षं ती चालत का नाही म्हणून तिला नवे नवे कपडे शिवून घातले होते.

मला वाटलं, आता हा माणूस मोडून पडेल. ते तर हरखून गेले. "बाई, सगळं होतं तिच्यात! पहिलेपासून होतं!" मुलगा परीक्षेत पास झाल्यासारखे घरभर फिरत होते. मामी चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "म्हंजे तवाच जमलं असतं?" मामाजी म्हणाले, "तवाच!" आणि त्यांचा आनंद काही कमी झाला नाही.

ते फाळ कापायला लागले, आणि तिकडे पलीकडच्या गावी म्हातारी अंथरुणाला खिळली.

आषाढ होता. नाला भरलेला. मी डोंग्यातून गेले, म्हातारीला तपासलं. छाती भरली होती, नाडी हाताला लागेना. मामींच्या भावानं मला अंगणात गाठलं. तोच तो बैलजोडीवाला. केस पिकले होते. "बाई, बहिनीले पाठवा म्हना. ते हसन्यावारीचं बोलनं होतं. मी पाय धरतो जवाईबापूचे." म्हातारीनंही मला हाक मारली. पण या वेळी तिनं नावेचं विचारलं नाही. मुलीला लहानपणी घरात ज्या नावानं हाक मारत ते नाव तिनं घेतलं, मला तीच समजून.

मी परत आले ती तशीच ओल्या लुगड्यानं गिरणीत गेले. मामाजी कानशीनं फाळाची धार गोल करत होते. मी सांगितलं. काही लपवलं नाही. भावाचा निरोपही दिला. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मामाजींनी बाहेर पाहिलं. पावसाळ्यात वारा उलटा, पलीकडून आमच्या काठाकडे. "हवा समोरची हाये," ते म्हणाले. "पन फाळ बसला का समोरच्या हवेतबी जाते. दोन दिवस द्या, बाई. दोन दिवसांत मानानं नेतो तिले."

"आजींपाशी दोन दिवस नाहीत हो मामाजी! डोंगा घाटावर उभा आहे!"

"डोंग्यानं न्याचं होतं त एवढे वर्ष कायले केलं मी?" ते म्हणाले. रागानं नाही. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

मामींनी दोघांकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या. मला वाटलं, गाठोडं बांधायला गेल्या. त्या स्वयंपाकाला लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता माझ्या दारावर थाप पडली. मामी उभ्या होत्या, रिकाम्या हातांनी. "चाला, बाई," त्या म्हणाल्या. गिरणीतून कानशीचा आवाज येत होता. आम्ही त्या दारावरूनच गेलो. मामाजींनी मान वर केली की नाही ते मी पाहिलं नाही.

तलावाच्या निम्म्यावर डोंगा होता तेव्हा पलीकडून रडण्याचा आवाज आला. पाण्यावरून आवाज फार लवकर येतो. आधी एका बाईचा, मग पुष्कळ जणींचा. डोंगेवाल्यानं बांबू थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. मामी समोर बघत होत्या.

"थांबला काहून गा?" त्या म्हणाल्या. "चाल."

तेरवीच्या दिवशी मीही तिकडे होते. पंगती बसायच्या होत्या, तेवढ्यात पोरं ओरडत आली. तलावात शीड दिसत होतं. समोरून सोसाट्याचा वारा, पाणी खवळलेलं, आणि त्यात ती नाव एका अंगावर कलून, लाटा कापत, तिरकी तिरकी वर चढत होती. खोटं का बोलू, तसं देखणं काही मी जन्मात पाहिलं नाही. प्रत्येक वळणाला शीड एकदा फडफडे, आणि मग असं ताणून बसे की मामींची एक अन् एक शिलाई दिसावी. अख्खं गाव काठावर लोटलं. मेहुणा डोक्याचं मुंडासं काढून उभा होता. नाव काठाला लागली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेरवीचं घर आहे हेसुद्धा विसरले. बैल गेला नि झोपा केला, तरी झोपा पाहून टाळ्या.

मामाजी उतरले. निथळत होते. गर्दीतून वाट काढत ते सरळ अंगणात मामींसमोर आले. "आली! हवेच्या तोंडावर आली! एकबी वल्हं मारलं नाई, इचार कोनालेबी. वल्हं आनलंच नाई!"

"पाह्यलं मी," मामी म्हणाल्या. त्यांनी पाय धुवायला पाण्याचा पितळी गुंड पुढे केला. पाहुण्याला करतात तसा. "जेवून घ्या. पंगत बसते."

मामाजी जेवले. हात धुऊन म्हणाले, "चाल मंग. आता हवा मांगून हाये. बसल्या बसल्या पोचतो घरी."

"तुमी निघा," मामी म्हणाल्या. "नाईत हवा पडन."

त्यांना वाटलं, विधी राहिले असतील, चार दिवसांनी येईल. ते गेले. शीड मोठं फुगलं होतं, आणि नाव पाहता पाहता लहान झाली. मामी तोवर उष्ट्या पत्रावळी उचलायला लागल्या होत्या.

त्या परत आल्या नाहीत. भांडण नाही, फारकत नाही, कुणाजवळ एका शब्दानं तक्रार नाही. भावाच्या घरी राहिल्या, रोवण्याला म्हणजे भातलावणीला, कापणीला जाऊ लागल्या. मामाजी वारा असेल तेव्हा जात, अंगणात बसत, चहा घेत आणि वाऱ्यानं परत येत. लोकांना त्यात काही वावगं दिसलं नाही. मामाजींची नाव पाहायला भंडाऱ्याहूनही माणसं येऊन गेली.

माझी बदलीची ऑर्डर आली त्या सुमाराची गोष्ट. मामाजी माझ्या दारात आले. एरवी येत नसत. उंबऱ्याबाहेर उभं राहून, पुष्कळ वेळ घुटमळून म्हणाले, "बाई, तुमी उद्या तिकडं चालल्या. तिले एक इचारसान का? मले सांगत नाई ते. नावेत अजून काय कमी हाये, ते इचारा. सांगितलं त मी करून घेतो."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. मामी बांधावर बसून रोव्याच्या पेंढ्या सोडत होत्या. त्यांनी हातातली पेंढी ठेवली, तलावाकडे पाहिलं, थोडा विचारही केला. मग म्हणाल्या, "काईच कमी नाई म्हना. नाव एकदम चांगली झाली."

निरोप जसाच्या तसा पोचवायचा ही मला नोकरीनं लावलेली सवय. मी तो शब्दन् शब्द सांगितला. मामाजींनी तो माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. त्यांना फार आनंद झाला.